वय ५७, बजेट ५,०००: घरी वजनाच्या व्यायामासाठी काय घेऊ?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. तपासणीत हाडांची घनता कमी निघाली. डॉक्टरांनी चालण्याच्या जोडीला वजनं उचलायला सांगितलं आहे. बजेट ५,००० रुपये, त्यावर एक रुपयाही नाही. नाशिकला दोन खोल्यांचं घर आहे, मोठं यंत्र मावणार नाही. एकसंध डंबेल घेऊ, प्लेटा बदलता येणारे घेऊ की रबरी बँड? आणि खरी शंका अशी, की या वयात स्नायू वाढतात का? की आहेत तेवढे टिकवायचे?

वजनदार_सातारकर
ताई, सरळ होम जिम घ्या. आम्ही ३८,००० ला घेतलं. मी, मुलगा, सून तिघंही रोज वापरतो. डंबेलांनी पाठीचा व्यायाम धड होत नाही, त्याला केबलच पाहिजे. ५,००० मध्ये दर्जेदार काही येत नाही. जागेचं म्हणाल तर आमचं गॅलरीत बसलंय.

लाल_माती
काही विकत घेऊ नका. जोर आणि बैठका. आमच्या कोल्हापुरात साठी ओलांडलेले वस्ताद आजही पोरांना दमवतात. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत पदक आणलं, तेव्हा कुठली आली होती होम जिम?

अनघा_फिजिओ
आधी मूळ शंकेचं उत्तर: वाढतात. बोस्टनमध्ये ८६ ते ९६ वर्षांच्या वृद्धांना आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम दिले होते. १९९० साली ते निष्कर्ष छापून आले. ज्यांनी व्यायाम पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली आणि मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे त्याचा जाडेपणा, सुमारे ९ टक्क्यांनी. या दोन आकड्यांत एवढं अंतर का? कारण सुरुवातीची बरीचशी ताकद मज्जासंस्थेची असते. मेंदू स्नायूतल्या जास्त तंतूंना एकदम कामाला लावायला शिकतो. म्हणून पहिल्या महिन्यात दंडाचं माप तेवढंच राहिलं तरी सोडू नका.

पेशीत काय होतं? तंतूवर पुरेसा ताण पडला की एमटॉर नावाची यंत्रणा जागी होते आणि नवी प्रथिनं तयार होण्याचा वेग वाढतो. तो दिवस-दीड दिवस चढा राहतो. तंतूंची संख्या फारशी वाढत नाही, आहे तोच तंतू जाड होतो. त्याच्या कडेला सॅटेलाइट पेशी असतात. अलेक्झांडर मावरो यांनी १९६१ मध्ये बेडकाच्या स्नायूत त्यांचं पहिलं वर्णन केलं. गरज पडली की त्या तंतूत मिसळतात आणि आपलं केंद्रक त्याला देतात. वयानुसार आधी बारीक होतात ते जलद, म्हणजे झटकन आकसणारे तंतू. ठेच लागल्यावर तोल सावरायला तेच लागतात, म्हणून तुमच्यासाठी हा व्यायाम फार महत्त्वाचा आहे.

जिद्दी_पुणेकर
अनघाताईंनी साधी गोष्ट सांगितलीच नाही. स्नायू फाटतात आणि भरताना मोठे होतात. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलल्या नाहीत तर व्यायाम वाया गेला समजा. मी वर्षानुवर्षं असाच करतोय, माझे दंड बघणारे बघतच राहतात.

अनघा_फिजिओ
नाही. वाढीचं मुख्य कारण ताण आहे, इजा नव्हे. नवखा माणूस नुसता डोंगर उतरला तरी दोन दिवस दुखतं, पण तेवढ्याने मांड्या भरत नाहीत. दुखणं हे मोजमाप धरलंत तर ५७ व्या वर्षी आठवडाभरात सगळं सोडून द्याल.

मीरा_डोंबिवली
बँड अजिबात नको! माझा ऐन ओढताना तुटला आणि थेट भुवईवर बसला. दुकानदाराने परतही घेतला नाही.

शेखर७१
बँडच घ्या. मी तीन वापरतो, एकही तुटलेला नाही. उन्हात ठेवू नयेत, दर वेळी चिरा बघाव्यात.

अप्पा_सोलापूर
व्यायामाआधी खाण्याचं बघा. रोज सहा अंडी. डाळीने स्नायू होत नाहीत.

शुद्ध_शाकाहारी
का होत नाहीत? शंभर ग्रॅम कोरड्या सोया वडीत पन्नास ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. एका अंड्यात सहा. हिशेब तुम्हीच करा. ताई, आमच्या घरात कुणीही अंडं न खाता धडधाकट आहे.

अप्पा_सोलापूर
शंभर ग्रॅम सोया वडी रोज खाऊन दाखवा, मग बोलू.

हॅमिल्टनकर
भांडू नका. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सर्वसाधारण शिफारस शरीराच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे. वजनं उचलणाऱ्याला साधारण १.६ पर्यंत फायदा दिसतो. ताई, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. आणि वजन भारीच लागतं असं नाही. आमच्या गावच्या, म्हणजे कॅनडातल्या हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये तरुणांवर प्रयोग झाला. एकदाच कसंबसं उचलता येईल अशा वजनाच्या ३० टक्के आणि ८० टक्के, दोन्हींनी दमेपर्यंत व्यायाम केल्यावर स्नायूंची वाढ सारखीच दिसली. ताकद मात्र भारी वजनाने जास्त आली.

लाल_माती
म्हणजे बैठकाही चालतात. मी तेच म्हणत होतो.

अनघा_फिजिओ
चालतात, पण शंभर सहज व्हायला लागल्या की पुढे काय? अंगाचं वजन तेवढंच राहतं. थॉमस डेलॉर्म यांनी दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांना शिकागोत हळूहळू वाढत जाणारी वजनं दिली आणि १९४५ मध्ये त्यावर लिहिलं. आजही आम्ही तेच करतो: जमलं की थोडं वाढवा. ताई, माझं मत प्लेटा बदलता येणाऱ्या डंबेलना, कारण वाढवणं स्वस्त पडतं. घनता कमी आहे, तेव्हा पाठ गोल करून वजन उचलू नका, श्वास कोंडू नका, आणि सुरुवातीला कुणा जाणकाराकडून पद्धत बघून घ्या.

वजनदार_सातारकर
प्लेटांच्या डंबेलला +१, पण होम जिम ते होम जिम.

शेखर७१
प्लेटांचेच. पैसे वाचतात.

गोदाकाठ
सर्वांचे आभार, अनघाताईंचे विशेष. मी एकसंध डंबेल घेतले: दोन, तीन आणि पाच किलोच्या जोड्या. ३,४०० झाले. माझ्या अंगठ्याचा सांधा दुखतो, दर व्यायामाला नट फिरवणं मला जमणार नाही, आणि पेटीतून काढून जोडायचे असले की वापर थांबतो हे मला माहीत आहे. उरलेल्या पैशांत फिजिओकडे दोनदा जाऊन पद्धत शिकणार. पायांसाठी पाच किलोचा एक डंबेल छातीशी धरून खुर्चीवरून उठणं-बसणं करणार.

शेखर७१
सगळे प्लेटांचे म्हणत असताना एकसंध? तीन महिन्यांत पाच किलो कमी पडेल.

गोदाकाठ
पडलं तर साडेसातची जोडी घेईन. तोवर पाच किलो उचलता यायला हवं, आज तीनच जमतंय.

मीरा_डोंबिवली
रबर चढवलेले घेतलेत की नुसते लोखंडी? फरशीवर आवाज येतो का?

गोदाकाठ
रबरवाले. खाली सतरंजी घालते. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे, पण अजून तक्रार आलेली नाही.