प्रतिसाद: वर्डचं टेम्प्लेट आर किंवा क्वार्टोला कसं द्यायचं

आर या सांख्यिकी प्रोग्रॅमिंग भाषेतून काढलेला अहवाल विभागाच्या वर्ड टेम्प्लेटमध्ये कसा आणायचा, असा प्रश्न होता. टेम्प्लेट उघडायचं आणि आरमधले तक्ते-आलेख त्यात चिकटवायचे, असं एका उत्तरात सुचवलंय. एकदाच करायचं असेल तर ठीक, दर तिमाहीच्या अहवालाला नको. ब्रिटनच्या सरकारी सांख्यिकी विभागांनी 2017 च्या सुमारास याच कॉपी-पेस्टला पर्याय म्हणून कच्च्या आकड्यांपासून तयार अहवालापर्यंत सगळं कोडमधून काढायला सुरुवात केली. 'रॅप' (रिप्रोड्यूसिबल अ‍ॅनालिटिकल पाइपलाइन्स) म्हणतात त्याला.

आर मार्कडाउन किंवा क्वार्टो (कोड आणि मजकूर एकत्र लिहून त्यातून अहवाल काढणारी साधनं) यांत टेम्प्लेट 'रेफरन्स-डॉक', म्हणजे नमुना फाइल, म्हणून देता येतं. मात्र पँडॉक (या साधनांच्या आत वर्ड फाइल तयार करणारा प्रोग्रॅम) त्यातून स्टाइल्स, समास, हेडर-फूटर एवढंच उचलतं. आतला मजकूर, मुखपृष्ठासकट, गळतो. म्हणून लोगो हेडरमध्येच टाका. शीर्षकांचं रूप 'हेडिंग 1', 'हेडिंग 2' या स्टाइल्समध्येच ठरवलेलं हवं. अनेक टेम्प्लेटांत शीर्षकं नुसती हाताने ठळक केलेली असतात (कोणी केली ते विचारू नका!), आणि मग स्क्रीन रीडरलाही (अंध वाचकांना मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) ती शीर्षकं आहेत हे कळत नाही.

अहवाल मराठीत असेल तर वर्डच्या स्टाइलमध्ये देवनागरीचा फॉन्ट 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'खाली वेगळा निवडावा लागतो. वरचा लॅटिन फॉन्ट कितीही बदला, मराठी मजकूर हलत नाही.

मुखपृष्ठ हवंच असेल तर आरचं 'ऑफिसर' पॅकेज बघा, त्याने वेगळी वर्ड फाइल जोडता येते.