टीटी-०२ : थ्रॉटल मारला की मागून कट्कट् आवाज, डिफ गेला का?

पार्किंगवीर
नमस्कार मंडळी. तामियाची टीटी-०२ आहे, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी गाडी, साधी ५४० मोटर, सोसायटीच्या पार्किंगमध्येच फिरवतो. जरा पळावी म्हणून किटमधली २२ दात्यांची पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं गिअर) काढून २३ ची टाकली, स्पर (पिनियन ज्याला फिरवते ते मोठं गिअर) ७० चाच आहे. तेव्हापासून हळू चालवली तर ठीक, पण उभ्या गाडीला एकदम थ्रॉटल दिला की मागून कट् कट् कट्, गाडी क्षणभर अडखळते आणि मग सुटते. मला वाटलं डिफ (डिफरेन्शियल, डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) गेला, म्हणून रविवारची अख्खी दुपार घालवून मागचा गिअरबॉक्स डायनिंग टेबलावर उघडला (घरचे अजून बोलत नाहीयेत), तर आतले बेव्हल गिअर एकदम टकाटक, एक दाता तुटलेला नाही. ग्रीस भरून परत बंद केलं, आवाज तस्साच. आता नवीन डिफ मागवू का अजून कुठे बघू?

बेल्टवाला
मागवायच्या आधी डॉगबोन (डिफपासून चाकापर्यंतचा दांडा) आणि त्याची टोकं बसतात ते कप बघ भावा. चाक हातात धरून पुढेमागे हलव, कपच्या खाचा झिजल्या असतील तर प्ले लगेच कळतो. आणि डिफमध्ये काय भरलंयस? टीटी-०२ चा डिफ सील्ड नाही, पातळ सिलिकॉन तेल घातलं तर दोन बॅटऱ्यांत सगळं गिअरबॉक्समध्ये, त्यापेक्षा घट्ट अँटी-वेअर ग्रीस बरं. म्हणूनच मी बेल्टच्या गाडीवर गेलो, पुढे स्पूल (डिफऐवजी दोन्ही चाकं एकत्रच फिरवणारा भाग), मागे तेलाचा डिफ, कटकट नाही. खिसा मात्र रिकामा.

भोसरी_टूलरूम
अरे थांबा, डिफवर कुठे चाललात. पिनियन बदलली आणि आवाज सुरू झाला असं तो स्वतःच लिहितोय ना, मग आधी पिनियनच बघायची. माझा प्रश्न एवढाच, नवीन पिनियन कितीची आहे? दाते नाही विचारत, मॉड्यूल विचारतोय, म्हणजे दात्याचं माप. टीटी-०२ ला ०.६ मॉड्यूल लागतं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच पिनियन ४८ पिचच्या असतात, म्हणजे आपल्या भाषेत डीपी ४८, व्यासाच्या एका इंचामागे ४८ दाते. २५.४ ला ४८ ने भागा, ०.५३ मॉड्यूल येतं. बघायला दोन्ही सारख्याच दिसतात, पण दात्याला दाता बसत नाही.

वर्निअर असेल तर बाहेरचा व्यास मोज. दाते अधिक २, गुणिले मॉड्यूल. २३ दात्यांना ०.६ चं १५ मिमी यायला पाहिजे, ४८ पिच असेल तर १३.२ च्या आसपास भरेल. आणि मोटर काढलीच आहेस तर गाडी हाताने ढकलून बघ, तेव्हा चाकं मोकळी फिरली आणि आवाज नसला तर डिफवर संशय घ्यायचं कारण उरत नाही. शंभर टक्के पक्कं नाही म्हणणार कारण लोड नसतो, पण निम्मं काम होतं.

पार्किंगवीर
काका, १३.२!! ऑफिसमधून वर्निअर आणून तीनदा मोजलं. मोटर काढून ढकलली तर गाडी लोण्यासारखी पळते. दुकानदाराला "२३ ची द्या" एवढंच म्हणालो होतो, त्याने दिली. पण मग चालत तरी कशी होती?

भोसरी_टूलरूम
टीटी-०२ ला मोटरची भोकं ठरलेली असतात, पिनियनप्रमाणे भोक निवडायचं, पुढेमागे सरकवता येत नाही. तुझी पिनियन व्यासाला जवळजवळ २ मिमी लहान, म्हणजे एका बाजूने ०.९ मिमी कमी. ०.६ चे दाते एकमेकांत साधारण १.२ मिमी शिरतात, तुझ्याकडे उरले ०.३. नुसती टोकं टेकत होती रे. हळू गेलास तर ओढून नेणार, जोर दिला की एक दाता सोडून पुढच्यावर उडी, तोच तुझा कट्कट्. स्पर काढून नखाने चाचप, दात्यांची टोकं गोल झालेली लागतील.

बेल्टवाला
मान गए काका. आमच्यात मोटर सरकवता येते म्हणून मधे कागदाची पट्टी घालून मेश (दोन गिअरच्या दात्यांमधलं अंतर) लावायची सवय, त्यामुळे हे डोक्यातच आलं नाही. पिनियन घेतोच आहेस तर स्टीलची घे, किटमधली मऊ असते, काही महिन्यांनी दाते टोकदार होतात आणि करडी पावडर सांडते. ग्रब स्क्रू (पिनियन शाफ्टला आवळतो तो बारीक स्क्रू) शाफ्टच्या सपाट बाजूवरच कस आणि थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या गोंदाचा) एक थेंब, फक्त धातूला धातू असेल तिथेच. प्लास्टिकला लागलं तर तडे जातात, माझा एक बल्कहेड (गिअरबॉक्स धरून ठेवणारा सांगाड्याचा भाग) असाच गेलाय.

पार्किंगवीर
स्पर चाचपला, टोकं खरंच गोल आणि झाकणाच्या आत प्लास्टिकचा भुगा. नवीन ७० चा स्पर आणि ०.६ ची २३ स्टील मागवली. बेअरिंगपण खरखरतायत, डब्ल्यूडी-४० मारू का?

भोसरी_टूलरूम
धुवायला मार, वंगण म्हणून नको, आतलं तेल धुऊन जातं. कोरडं करून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. आणि २३ ने रेशो (चाकाच्या एका फेरीला मोटरच्या किती फेऱ्या) ८.२७ वरून ७.९१ वर येतो, म्हणजे मोटरवर जोर वाढतो, पहिल्या दोन बॅटऱ्यांनंतर मोटरला हात लावून बघ. बोट ठेववत नसेल तर २२ वर परत ये.

पार्किंगवीर
पार्ट आले, लावले. आवाज बंद. मोटर गरम होते पण बोट ठेवता येतं. डायनिंग टेबलावरचा ग्रीसचा डाग मात्र अजून निघत नाहीये, त्यावर काही असेल तर सांगा.