एचआयव्हीची औषधं (एआरटी) चालू, रक्तातल्या विषाणूंचं प्रमाण (व्हायरल लोड) सापडत नाही इतकं कमी, तरी ग्लोब्युलिन 4.9 का?

समुपदेशक_एआरटी: रुग्णाच्या उपचाराला 8 महिने झाले. सीडी4 (प्रतिकारशक्तीच्या पेशींची मोजणी) 190 वरून 340 वर आला. लिव्हरच्या तपासणीत एकूण प्रोटीन 8.6, अल्ब्युमिन 3.7, ग्लोब्युलिन 4.9. घरचे घाबरलेत. लॅबवाले बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन आणि आयएल-6 (शरीरातला दाह दाखवणारी चाचणी) करा म्हणतात. करावं का?

पॅथॉलॉजी_टेबल: आधी ग्लोब्युलिनचं, म्हणजे अल्ब्युमिन सोडून रक्तातल्या बाकीच्या प्रोटीनांचं बघू. त्यातला मोठा वाटा अँटिबॉडींचा, मुख्यतः आयजीजी या प्रकाराचा. विषाणू मोकाट असताना अँटिबॉडी बनवणाऱ्या बी-पेशी सतत डिवचल्या जातात आणि कामाच्या-बिनकामाच्या सगळ्याच अँटिबॉडी वाढतात. विषाणू दबला तरी त्या सावकाश उतरतात. 8 महिन्यांत उतरल्या नाहीत म्हणून आजार बळावला असं नाही. मात्र हिपॅटायटीस बी-सी आणि टीबी बघून घ्याच. आकडा चढत राहिला तर सीरम इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून दाखवणारी चाचणी) करा. त्यातल्या गॅमाच्या, म्हणजे अँटिबॉडींच्या पट्ट्यात पसरट उंचवटा असेल तर तो याच कारणांचा. अरुंद, टोकदार सुळका (एकाच प्रकारची अँटिबॉडी वाढल्याची खूण) दिसला तर थेट रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवा.

नेफ्रॉन: बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिनवर पैसे घालवू नका. व्हायरल लोड मोजायची सोय नव्हती तेव्हा, 1980च्या दशकाच्या अखेरीस, आजार किती झपाट्याने वाढेल याचा अंदाज त्यावरून बांधत. हे प्रोटीन मूत्रपिंडातून गाळलं जातं, म्हणून मूत्रपिंड मंदावलं तरी आकडा चढतो. टेनोफोव्हिर (एआरटीतलं, मूत्रपिंडाला त्रास देऊ शकणारं औषध) चालू असेल तर क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन बघणं जास्त उपयोगाचं.

समुपदेशक_एआरटी: आणि आयएल-6, डी-डायमर (रक्त गोठण्याची खूण)?

पॅथॉलॉजी_टेबल: स्मार्ट नावाच्या एचआयव्ही उपचारांच्या मोठ्या अभ्यासात (2006) सीडी4 350 च्या वर असताना औषध थांबवलेल्यांत मृत्यू जास्त झाले. ज्यांचे हे दोन्ही आकडे सुरुवातीलाच चढे होते त्यांना धोका अधिक होता. पण तो हिशेब हजारो जणांचा. एकट्या माणसाचा आयएल-6 साध्या सर्दीतापानेही चढतो, आणि आकडा काहीही आला तरी एआरटी बदलत नाही. डी-डायमरला निळ्या झाकणाची सायट्रेट ट्यूब लागते, 9 भाग रक्ताला 1 भाग सायट्रेट. खुणेपर्यंत भरली नाही की प्रमाण बिघडतं आणि आकडा खोटा येतो.

घरच्यांना एवढंच सांगा: गोळी रोज, ठरल्या वेळी, 12 महिन्यांचा व्हायरल लोड चुकवू नका. सीडी4चा नमुना जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये, खोलीच्या तापमानाला ठेवा. तो फ्रीजमध्ये ठेवला की पेशींची मोजणी बिघडते.