एचपी नको, सीएफएम विचारा
दादा, पंक्चर काढायला आणि होडीला रंग मारायला एकच कॉम्प्रेसर चालेल का, असं विचारलंत. गाडीच्या टायरला ३०-३५ पीएसआय दाबाची हवा लागते, तीही अधूनमधून. साधा पिस्टनवाला पुरतो. स्प्रे गन मात्र सतत हवा खाते. तिथे मोटरची ताकद म्हणजे एचपी नको, सीएफएम बघा, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते ते, तोही प्रत्यक्ष बाहेर पडणाऱ्या हवेचा. नुसती टाकी मोठी घेऊन हवा वाढत नाही. स्क्रूवाला दिवसभर चालणाऱ्या कारखान्याला ठीक, तुम्हाला कशाला?

आणि आपली दमट हवा! तिच्यातलं पाणी टाकीत साचतं. मालवणात पावसाळ्यात आठवडाभर टाकीखालचा कॉक (पाणी काढायची तोटी) सोडायचा राहिला, तर तांबूस पाणी भसाभस आलं. रंगावर फोड आले ते वेगळेच. कॉक रोज संध्याकाळी सोडा, गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर लावा. आतून गंजलेली सेकंडहँड टाकी फुकट मिळाली तरी नको, फुटू शकते.