सिली बेटांवर किनाऱ्याने चालणं: पाच दिवसांचा क्रम कसा लावावा?

वाटसरू७

मे महिन्यात सिली बेटांवर (कॉर्नवॉलच्या टोकापलीकडची) चालायला जातोय. दोघे आहोत, रोज १२ ते १५ किमी चालायची सवय आहे. मुक्काम पाचही दिवस सेंट मेरीजवर, ह्यू टाऊनमध्ये. आदल्या संध्याकाळी पोहोचणार, म्हणजे चालायला पाच पूर्ण दिवस आहेत आणि वस्ती असलेली बेटंही पाचच: सेंट मेरीज, ट्रेस्को, ब्रायर, सेंट मार्टिन्स, सेंट ॲग्नेस. रोज एक बेट असा सरळ हिशोब मांडलाय. तिसऱ्या दिवशी अमावस्या आहे, त्याचा काही फरक पडतो का? बूट कसले घ्यावेत? आणि ट्रेस्कोवरून ब्रायरला पाण्यातून चालत जाता येतं असं ऐकलं, ते कितपत खरं?

---

सुकती

फरक पडतो, आणि तुमच्या फायद्याचा पडतो. बेटांचा क्रम अंतरावर लावू नका, ओहोटीच्या वेळेवर लावा.

इथे उधाणाला (अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती-ओहोटी) भरती-ओहोटीतला फरक साधारण ५ मीटर असतो, भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान) जेमतेम सव्वादोन. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची: या बेटांवर उधाणाची ओहोटी नेहमी दुपारच्या आसपास येते. तुमच्या अमावस्येच्या दिवशी ती साडेअकरा-बाराच्या सुमारास असेल आणि त्यानंतर रोज ३५ ते ४० मिनिटं पुढे सरकेल. भांगाला हीच ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी येते, म्हणजे चालणाऱ्याच्या उपयोगाची नाही. शिवाय सर्वांत मोठं उधाण अमावस्येला नसून त्यानंतर एक-दोन दिवसांनी असतं. थोडक्यात, तुमचा चौथा आणि पाचवा दिवस सोन्यासारखे आहेत.

वेळापत्रक वाचताना एक चूक हमखास होते. छापील तक्त्यातली वेळ बहुधा ग्रीनिच वेळ असते. मे महिन्यात घड्याळं तासभर पुढे असतात. तक्त्याच्या डोक्यावर काय लिहिलंय ते आधी वाचा, नाहीतर वाळूच्या दांड्यावर (दोन बेटांना जोडणारा, ओहोटीलाच उघडा पडणारा पट्टा) तासभर आधीच पोहोचाल आणि तो पाण्याखाली असेल.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांत ते बाराव्या हिश्शांनी १, २, ३, ३, २, १ असं चढतं. ५ मीटरच्या उधाणात पहिल्या तासात ४० सेंमीच्या आसपास, पण तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी सव्वा मीटर, म्हणजे मिनिटाला २ सेंमी. पहिला तास शांत वाटतो, माणूस शंख गोळा करत बसतो आणि तिथेच फसतो. म्हणून दांडा ओलांडायचा तो पाणी उतरत असताना, ओहोटीच्या तास-दीड तास आधी, आणि ओहोटीनंतर दीड तासाच्या आत परत यायचं.

हवेचा दाबही बघा. दाब १ हेक्टोपास्कलने कमी झाला की समुद्र साधारण १ सेंमी वर राहतो. सरासरी १०१३ ऐवजी ९९३ चा कमी दाबाचा पट्टा डोक्यावर असेल तर तक्त्यापेक्षा २० सेंमी पाणी जास्त धरा.

मी क्रम असा लावेन:

पहिला दिवस सेंट मेरीज. दुसरा सेंट मार्टिन्स: धक्क्यावरून थेट उत्तरेला व्हाईट आयलंडकडे जा (दगडगोट्यांची वाट ओहोटीलाच उघडते), तिथून परत आल्यावर पूर्व टोकाचा लाल-पांढरा डेमार्क. हा दर्यावर्दींसाठी १६८३ मध्ये बांधलेला खुणेचा मनोरा आहे आणि तो कुठे पळून जात नाही, व्हाईट आयलंडची वाट जाते. तिसरा सेंट ॲग्नेस आणि त्याला वाळूच्या दांड्याने जोडलेलं ग्यू. चौथा ट्रेस्को-ब्रायर. पाचवा मोकळा ठेवा. चौथ्या दिवशी वारं किंवा लाटा आडव्या आल्या तर पाचव्या दिवशीही उधाण तितकंच चांगलं असेल.

---

कातळवाट

वरचा क्रम पटला. सेंट मेरीजबद्दल थोडं.

पूर्ण वेढा साधारण १६ किमीचा आहे. ह्यू टाऊनमधून घड्याळाच्या उलट दिशेने निघा: पेनिनिस हेड, ओल्ड टाऊन, पोर्थ हेलिक, पेलिस्ट्री, इनिसिजन, बॅन्ट्स कार्न, पोर्थलू, परत. इथला वारा बहुतेक वेळा नैर्ऋत्येचा, त्यामुळे उघडा दक्षिण किनारा चालताना तो पाठीशी राहतो. दुसरं कारण पेलिस्ट्रीचं. तिथे टोल्स आयलंडला जाणारा वाळूचा दांडा आहे. आठला निघालात तर ओहोटीच्या आसपास पोहोचता. दांडा बुडू लागला की दोन्ही बाजूंचं पाणी त्यावर येऊन भिडतं आणि ओढ जबरदस्त असते. गुडघाभर पाण्यातही पाय सुटतो. ग्यूच्या दांड्यालाही हेच लागू. दांडा बुडालेला असताना तिथे पोहणं तर सोडाच, पाय भिजवायलाही उतरू नका.

ओल्ड टाऊनपुढे वाट विमानतळाच्या धावपट्टीच्या टोकाशी येते. तिथला इशारा पाहूनच पुढे जायचं. गॅरिसनच्या (ह्यू टाऊनलगतचा जुना किल्ला) तटावरची फेरी वेगळी ठेवा, संध्याकाळी जेवणाआधी आरामात होते.

बूट: हा सगळा ग्रॅनाइट आहे. कोरडा असताना सॅंडपेपरसारखी पकड देतो. घसरायला होतं ते भरतीरेषेजवळच्या काळ्या पट्ट्यावर. तो रंग दगडाचा नव्हे, दगडफुलाचा (लायकेन) असतो आणि ओला झाला की साबण. त्याच्या वरचा पिवळा-नारिंगी पट्टा दिसला की समजा, तिथे फक्त तुषार पोहोचतात. बसायचं, थांबायचं ते नारिंगीच्या वर. घोट्यापर्यंतचे हलके, मऊ तळाचे बूट पुरतात; जाड कडक तळाचे बूट गोट्यांवर डुगडुगतात.

नकाशा ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर १०१ घ्या, १:२५,००० चा. त्यावरची ओहोटीरेषा सरासरी ओहोटीची आहे. उधाणाला त्याहून बरीच जास्त वाळू उघडी पडते, भांगाला तेवढीही पडत नाही.

---

वाटसरू७

खूपच उपयोगी. क्रम बदलला. आता दोनच शंका. ट्रेस्को-ब्रायर नकाशात उत्तरेला अगदी जवळ दिसतात, तिथूनच ओलांडायचं ना? आणि परतीच्या होडीचं काय करायचं?

---

सुकती

नाही! बरं झालं विचारलंत. ट्रेस्कोवरच्या क्रॉमवेल्स कॅसल या किल्ल्याच्या बाजूला खाडी नकाशात सर्वांत अरुंद दिसते, पण तिथेच ती खोल आहे. नौका नांगरतात ती जागा. चालण्याजोगा भाग दक्षिणेला, जिथे दोन बेटं एकमेकांपासून लांब दिसतात आणि मध्ये वाळूचं सपाट पात्र आहे. तेही प्रत्येक ओहोटीला उघडत नाही, फक्त मोठ्या उधाणाच्या तळाला, आणि तेव्हाही मधल्या पन्हळीत पाणी राहू शकतं.

---

कातळवाट

इथे मी जरा आखडता हात घेईन. हे ओलांडणं दिवसाच्या बेतातला खांब नको, जमलं तर वरकड. वाळूच्या पन्हळी वादळागणिक सरकतात, त्यामुळे गेल्या वर्षीचं वर्णन यंदा चालेलच असं नाही. त्या सकाळी होडीवाल्यांना विचारा. ते नको म्हणाले तर नको. पाणी मांडीला लागलं की उलटं फिरायचं, पुढे कमी होईल या आशेवर जायचं नाही.

अनवाणी उतरू नका. ओहोटीच्या वाळूत वीव्हर नावाचा छोटा मासा पुरून बसतो, पाठीवरच्या काट्यात विष असतं. बंद चवड्याची जुनी चप्पल किंवा बूट हवेत. काटा लागलाच तर बर्फ लावू नका. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय किमान अर्धा तास ठेवायचा, उष्णतेने ते विष निकामी होतं. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या, न बधिरलेल्या पायाने किंवा हाताने तपासा.

होडीची गोम अशी की ओहोटीमुळे धक्के बदलतात. ट्रेस्कोवर कार्न निअर, न्यू ग्रिम्सबी, ओल्ड ग्रिम्सबी असे तीन आहेत, सेंट मार्टिन्सवर हायर टाऊन आणि लोअर टाऊन. सकाळी जिथे उतरलात तिथेच संध्याकाळी होडी लागेल असं गृहीत धरू नका. उतरतानाच विचारा: परतीची कितीला आणि कुठल्या धक्क्यावर? ट्रेस्कोला उतरून ब्रायरहून परतणार असाल तर तेही तेव्हाच सांगा. मग चालण्याची दिशा अशी ठेवा की शेवटचा किमी त्याच धक्क्याकडे येईल.

---

पाणकावळा

एक भर. सेंट ॲग्नेस आणि ग्यूवरचे उंदीर-घुशी २०१३-१४ च्या हिवाळ्यात मोहीम काढून संपवले, आणि २०१६ मध्ये ती दोन्ही बेटं उंदीरमुक्त जाहीर झाली. त्यानंतर मँक्स शिअरवॉटर आणि स्टॉर्म पेट्रेल या समुद्रपक्ष्यांची पिल्लं तिथे पुन्हा जगू लागली. एक गाभण उंदरीण सगळं धुळीला मिळवू शकते. होडीत चढण्याआधी पिशवी उघडून बघा, खाऊ बंद डब्यात ठेवा, उष्टं मागे टाकू नका.

पेट्रेल किनाऱ्यावरच्या गोट्यांच्या फटीत अंडी घालतात, शिअरवॉटर बिळात. म्हणून गोट्यांवर गोटे रचून मनोरे करू नका आणि सड्यावर वाट सोडून चालू नका; पायाखालचं बीळ खचलं की आतलं अंडं गेलंच. ब्रायरच्या शिपमन हेड डाऊनवर वाऱ्याने लाटांसारखी झालेली हेदरची बुटकी झुडपं आहेत. ती अतिशय सावकाश वाढतात, दोन माणसं शेजारी चालली तरी वाट रुंदावते. तिथे एकामागे एक चाला.

---

वाटसरू७

समजलं. तक्त्याची घड्याळवेळ तपासली: ग्रीनिचच होती. तास वाढवून पाचही दिवसांच्या ओहोट्या नकाशाच्या मागे लिहून ठेवल्या आहेत.