मदत हवी आहे: समुद्राकाठच्या घरात प्रत्येक धातूचं दुखणं निराळं

नमस्कार मंडळी,

आईबाबांचं घर गुहागरला आहे, समुद्र जेमतेम दोनशे मीटरवर. पाच वर्षांपूर्वी डागडुजी करताना जुनं लोखंडी ग्रिल तेवढं ठेवलं आणि बाकी सगळं बदललं. जिन्याला स्टेनलेसचं रेलिंग, खिडक्या ॲल्युमिनियमच्या, नळ पितळेचे. या मे महिन्यात गेले तर एकही वस्तू धड नव्हती.

ग्रिलचं समजतं. रंगाखाली फुगे आलेत, नखाने टोकरलं की पापुद्रे सुटतात. रेलिंगवर मात्र चहा सांडून वाळल्यासारखे तपकिरी डाग आहेत आणि पुसल्यावर खाली टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. पावसात भिजणारा भाग बराच स्वच्छ आहे, पडवीच्या छपराखालचा कोरडा भागच डागाळलाय. हे उलट व्हायला हवं होतं ना?

खिडक्यांच्या चौकटी लांबून चांगल्या दिसतात, पण प्रत्येक स्टेनलेस स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलीय. बाबांनी एक स्क्रू काढून दाखवला. स्क्रू चकचकीत, आणि भोकाच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या. न्हाणीघरातला नळ तर फिरवताना मानेशीच तुटला. तुटलेल्या जागी पितळ पिवळं नव्हतं, तांब्यासारखं लाल होतं. सुरीने खरवडलं तर चुरा पडला.

फॅब्रिकेटर म्हणतो, "चुंबक चिकटत नाही, म्हणजे ३०४ ग्रेडचंच स्टेनलेस आहे. बफिंग करून देतो." खिडक्यांना जाड स्क्रू घालू म्हणतो. बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि त्या रेलिंगला धरूनच जिना चढतात, त्यामुळे मला नुसती चकाकी नकोय. एकाच हवेत हे चार प्रकार कसे? आणि आधी काय करू?

प्रतिसाद

ताई, आधी रेलिंग बघा. स्टेनलेसला वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. ओरखडा गेला तरी हवेतल्या ऑक्सिजनने तो पुन्हा धरतो. मिठातलं क्लोराइड त्याला एखाद्या जागी भोक पाडतं. मग खड्ड्यातलं पाणी आम्लयुक्त होत जातं आणि खड्डा खोल होतो. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, छपराखाली ते साचतं आणि हवेतला दमटपणा ओढून घेतं. तुमचा कोरडा भाग खरं तर ओलाच असतो.

चुंबकावर जाऊ नका. ३०४ ला चिकटत नाही तसं स्वस्त २०२ लाही चिकटत नाही. त्यात निकेल कमी करून मँगनीज घालतात. थेंब टाकून रंग बघायची किट मिळते, ती वापरा. समुद्रकाठी ३१६ लावावं, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खड्डे पडायला ते चांगला विरोध करतं.

खिडकीत खाऱ्या ओलाव्याने दोन धातू जोडले की बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियम झिजतं, स्टेनलेस वाचतं. जाड स्क्रूने काही साधणार नाही. नायलॉनचा वॉशर आणि बुश (भोकात बसणारी छोटी नळी) घालून दोन्ही धातू एकमेकांना टेकू देऊ नका. पत्र्यावरचा जस्ताचा थर याच तत्त्वावर चालतो, जस्त झिजतं म्हणून लोखंड टिकतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. पाण्याने जस्त तेवढं काढून नेलं की सच्छिद्र तांबं उरतं. आकार तोच, ताकद गेलेली. विहिरीचं पाणी मचूळ आहे का? आणि रेलिंगच्या खांबांच्या तळाशी गोल झाकणं असतील ती वर सरकवून बघा. फटीतल्या पाण्यात ऑक्सिजन पोचत नाही, तिथे स्टेनलेसचा क्रोमियम ऑक्साइडचा थर पुन्हा धरत नाही.

धागाकर्ती

खूप आभार. पाणी एप्रिलपासून मचूळ होतं, बरोबर ओळखलंत. बाबांनी सहाही झाकणं सरकवली. आत ओलं होतं, वेल्डिंगच्या कडेने तांबूस चिखल, आणि वरून तिसरा खांब हाताने हलतोय. जिना वापरणं आजपासून बंद केलंय, बाबा खालच्या खोलीत झोपतील. नवे खांब ३१६ चे घ्यायचे, तर तळाला झाकण न लावता ती जागा उघडीच ठेवली तर चालेल का? म्हणजे गोड्या पाण्याने धुता तरी येईल.

प्रतिसाद

उघडीच ठेवा. वेल्डिंगनंतर काळा-निळा पट्टा दिसतो तो पिकलिंग पेस्टने (स्टेनलेस साफ करायची आम्लाची पेस्ट) काढून घ्या, पैसे त्यानंतरच द्या. आणि लोखंडाला वापरलेला तारेचा ब्रश त्यावर फिरवू देऊ नका, लोखंडाचे कण रुतून तिथूनच गंज धरतो.