मदत हवी आहे: गळ टाकायला धरण, तलाव की नदी? निवडायचं कसं?

नमस्कार मंडळी,

गळाचा नाद लागून दीड वर्ष झालं. हौस म्हणूनच करतो, पकडलेला मासा परत पाण्यात सोडायचा असं ठरवलंय. सोडायला आधी सापडायला हवा, ही गोष्ट वेगळी.

माझ्या टप्प्यात तीन पाणवठे आहेत. एक मोठं धरण, एक जुना उथळ तलाव (पाणी हिरवंगार, कडेनं पाणगवत) आणि धरणाच्या खालची नदी. आजवरची माझी निवड कशी होती, खरं सांगतो: गाडी काठापर्यंत जाते का आणि झाडाची सावली आहे का. त्यामुळे दर वेळी धरणच. सहा खेपांत दोन बोटभर चिलापी मिळाले, बाकी नुसतं ऊन.

मग जरा वाचायला घेतलं. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. मी मात्र तिघांसाठी कणकेची एकच गोळी तळाला नेऊन बसवत होतो! मरळ हवेतूनही श्वास घेते, म्हणून प्राणवायू कमी असलेल्या गवताळ पाण्यात ती तगते. महसीर मासा मूळचा वाहत्या नदीचा. तेव्हा आधी मासा ठरवायचा आणि मग पाणी, इथवर पटलं. पुढे अडलोय.

धरण भरलं की सगळं सारखंच दिसतं. एवढ्या पसाऱ्यात बसायचं कुठे?

दुसरं, पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी विरघळतो. १० अंशांना लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून उन्हाळ्यात मासा गार, खोल पाण्यात जात असेल असं मी धरून चाललो होतो. पण तळाशीही प्राणवायू संपतो म्हणतात. मग गळ किती खोल सोडायचा?

आणि धरणातून पाणी सोडलं की नदीतला मासा खातो की दडून बसतो?

प्रतिसाद

धरणाचं सोपं आहे. उपग्रहाच्या नकाशात जुन्या तारखांची चित्रं बघता येतात. पाणी सगळ्यात खाली गेलेल्या महिन्याचं चित्र उघडा. बुडालेला ओढा, त्याची वळणं, शेताचे बांध, विहिरी, झाडांचे बुंधे सगळं उघडं पडलेलं दिसेल. मासा सपाट चिखलापेक्षा अशा कडांना जास्त फिरतो. ओढ्याचं वळण काठाजवळ येतं ती जागा धरा, सावली असो वा नसो.

खोलीचं म्हणाल तर उन्हाळ्यात खोल पाण्याचे थर पडतात. वर गरम आणि हलकं, खाली गार आणि जड. ते एकमेकांत मिसळत नाहीत. तळाशी कुजणारा गाळ तिथला प्राणवायू खातो आणि वरून नवा पोचत नाही. दोरीला थर्मामीटर बांधून मीटर-मीटरनं सोडा, प्रत्येक खोलीला थोडं थांबा. पारा एकदम उतरला की तिथून थर बदलला. गळ त्याच्या वर ठेवा.

हिरव्या तलावावर मात्र ‘पहाटे जा’ हा सल्ला ऐकू नका. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही वापरतं. उजाडताना पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. मासे पृष्ठभागाशी तोंड उघडून गटागटा करताना दिसले तर ते खायला आलेले नसतात, गुदमरलेले असतात. ऊन चढू द्या. मरळ हवी असेल तर गवताच्या कडेला, वरून चालणारं आमिष.

नदीत विसर्ग वाढला की मासा खडकामागच्या संथ पाण्यात उभा राहतो, वाहून येणारं खाणं टिपायला. तेव्हा मिळतो, पण मधल्या खडकावर उभं राहून गळ टाकू नका. पाणी काही मिनिटांत चढतं, भोंगा ऐकू येईलच असं नाही. आणि पहिल्या पुराला कार्प जातीचे मासे (कटला, रोहू, मृगळ) अंडी घालायला निघतात, तेवढे दिवस त्यांच्यासाठी गळ टाकू नका.

धागाकर्ता

आत्ताच चित्र पाहिलं. मी सहा वेळा बसलो तिथे खाली निव्वळ सपाट शेत आहे! ओढा पलीकडच्या काठाला, वळण अगदी कडेला टेकतंय. सावलीचं एक झाड नाही.

थर्मामीटरचं एक विचारायचंय. वर ओढेपर्यंत पारा परत चढला तर? बाटलीत घालून, खालचं पाणी भरून वर आणलं तर चालेल का?